कानाचं वय वेगळं, डोळ्याचं वय वेगळं: पोरांसाठी पुस्तकं निवडताना

ताई, तुमचा प्रश्न असा की मुलगी चार वर्षांची, मुलगा नऊचा, सीबीएसई शाळेत चौथीत, इंग्रजी बऱ्यापैकी वाचतो पण मराठी पुस्तक दिलं की दोन ओळी वाचून ठेवून देतो, आणि भाची तेरा वर्षांची, तिचा पुढच्या महिन्यात बड्डे, तर तिघांसाठी मिळून दीड हजारात काय घ्यावं त्याची वयानुसार लिस्ट पाहिजे. नावं सांगतेच मी, पण त्याआधी थोडं बोलते, कारण नुसती लिस्ट घेऊन गेलेले पालक महिन्याभराने परत येतात आणि म्हणतात मॅडम, पुस्तकं तशीच पडून आहेत.

मी आधी शाळेत लायब्ररियन होते आणि आता १६ वर्षं झाली, नागपूरला प्रतापनगरकडे घरच्याच दोन खोल्यांत पोरांची लायब्ररी चालवते. सुरुवातीला मी पण सगळं वयानुसारच लावलं होतं. पुस्तकांच्या पाठीवर रंगीत स्टिकर, लाल म्हणजे ३ ते ५, पिवळा ६ ते ८, हिरवा ९ ते ११. एकदा सहावीतला एक मुलगा कोपऱ्यात हिरव्या स्टिकरचं जाडं पुस्तक घेऊन तासभर बसला होता, पण पान काही उलटत नव्हता. मी जवळ गेले तर आत लाल स्टिकरचं पातळ चित्रांचं पुस्तक लपवलेलं. ओळीवर बोट होतं आणि ओठ हलून राहिले होते, म्हणजे तो एकेक अक्षर जुळवून मराठी वाचून राहिला होता. मला पाहिलं आणि फटकन बंद केलं, कान लाल झाले त्याचे. त्या आठवड्यात मी सगळे स्टिकर खोबरेल तेल लावून लावून काढून टाकले, काही पुस्तकांवर ते तेलाचे डाग अजून आहेत. तेव्हापासून मी पालकांना वय विचारते पण ते शेवटी विचारते.

आधी काय विचारते तर दोन गोष्टी. एक, हा काय ऐकून समजतो. दोन, हा स्वतःच्या डोळ्यांनी काय वाचू शकतो. प्रत्येक पोराची ही दोन वयं असतात, कानाचं वेगळं आणि डोळ्याचं वेगळं, आणि आपल्या नागपूरच्या इंग्लिश मीडियमच्या पोरांत तं हा फरक लई मोठा असतो. तुमचा मुलगा घरी दिवसभर मराठी ऐकतो, आजीच्या गोष्टी ऐकतो, क्रिकेटवरून मित्राशी अर्धं हिंदी अर्धं मराठी भांडतो, म्हणजे मराठीत त्याचं कानाचं वय पूर्ण नऊचं आहे, कदाचित अकराचंही असेल. पण डोळ्याचं वय सहा. २०२० च्या कायद्याने राज्यातल्या सगळ्या माध्यमांच्या शाळांत मराठी सक्तीची झाली, पण आठवड्यातल्या त्या मोजक्या तासांत पोरगं धडा पाठ करतं, प्रश्नोत्तरं उतरवतं, मोकळं वाचणं काही होत नाही. मग तुम्ही त्याला नऊ वर्षांच्या मुलांचं पुस्तक दिलं की ‘किल्ल्यावरच्या’ या एका शब्दावर तो अडतो, तो शब्द फोडेपर्यंत वाक्याची सुरुवात विसरतो. आणि सहा वर्षांचं पुस्तक दिलं तर गोष्ट बाळबोध वाटते, लाज वाटते. दोन्हीकडून पुस्तक खालीच ठेवलं जातं, आणि घरचे म्हणतात याला वाचायचीच आवड नाही.

म्हणून त्याच्यासाठी दोन वेगळे गठ्ठे करा. एक गठ्ठा तुम्ही वाचून दाखवायचा, त्यात कानाच्या वयाची पुस्तकं. दुसरा त्याने स्वतः वाचायचा, त्यात डोळ्याच्या वयाची. नऊ वर्षांच्या मुलाला वाचून दाखवायचं का, असं खूप पालक विचारतात. हो, नक्की दाखवायचं. पोरांची ऐकून समजण्याची ताकद वाचून समजण्याच्या ताकदीच्या पुढे असते आणि हे बरीच वर्षं, साधारण सातवी आठवीपर्यंत तसंच चालतं. आपण काय करतो, पहिलीत अक्षरं आली की वाचून दाखवणं बंद करतो, आणि पोराचा मोठ्या गोष्टींशी संबंध तिथेच तुटतो.

आता लहानपासून सुरू करते, तुमच्याकडे तान्हं बाळ नाही तरी सांगते कारण हे वाचणाऱ्यांत कोणाकडे तरी असेलच. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०१४ मध्येच सांगितलं आहे की जन्मापासून बाळाला मोठ्याने वाचून दाखवा. पहिल्या काही महिन्यांत बाळाला साधारण २० ते ३० सेंटिमीटरवरचं नीट दिसतं, म्हणजे आईच्या मांडीवरून आईच्या तोंडापर्यंत तेवढंच, आणि काळ्या-पांढऱ्यासारखा ठळक फरक लवकर दिसतो. तेव्हा फिकट गुलाबी आकाशी रंगाची सुंदर पुस्तकं त्याला दिसतच नाहीत, ती आपल्यासाठी असतात. सहा महिन्यांपासून दोन वर्षांपर्यंत जाड पुठ्ठ्याचं, गोल कोपऱ्याचं पुस्तक घ्या, ते चावणारच, चावू द्या. एक मात्र पक्कं बघा, मधे पिना मारलेलं पातळ पुस्तक या वयात एकट्याच्या हातात द्यायचं नाही, पिन निघते आणि तोंडात जाते. पैसे नसतील तर काही अडत नाही, जुन्या फोटो अल्बममध्ये आजी, आजोबा, मामा, दारातली गाय, घरचा कूलर यांचे फोटो लावा आणि रोज तेच दाखवा, एक वर्षाच्या बाळाला याच्याइतकं आवडणारं पुस्तक मी तरी दुकानात पाहिलं नाही.

तुमच्या चार वर्षांच्या मुलीबद्दल. हिला अक्षरं येत नाहीत आणि यायची घाईही नाही, ही चित्र वाचते. चित्र वाचणं हे खरंच वाचणं आहे. माझ्याकडे मागच्या उन्हाळ्यात, सकाळी सात ते साडेनऊ एवढीच लायब्ररी उघडी ठेवतो आम्ही मे महिन्यात, तेव्हा एक साडेतीन वर्षांची पोट्टी आजीबरोबर यायची. आजी एक पुस्तक वाचून दाखवत होती, गोष्ट होती बाजाराला निघालेल्या मायलेकीची. पोरगी मधेच म्हणाली, आजी मांजर. आजी म्हणे कुठे मांजर, गोष्टीत मांजर नाही. पोरीने मागे मागे पानं उलटून दाखवलं, प्रत्येक पानावर कुठेतरी एक मांजर होतं, टोपलीमागे, बसच्या टायरजवळ, भाजीवालीच्या पाटीखाली, आणि शेवटच्या पानावर ते घरात शिरलेलं होतं. मजकुरात मांजराचा उल्लेखसुद्धा नव्हता. ते पुस्तक मी स्वतः वीसेक वेळा वाचून दाखवलं होतं आणि मला कधी दिसलं नव्हतं.

तर हिच्यासाठी पुस्तक निवडायची माझी पद्धत अशी, दुकानात उभं राहून मजकुरावर हात ठेवायचा आणि नुसती चित्रं बघत शेवटपर्यंत जायचं. गोष्ट कळते का? चित्रात असं काही आहे का जे शब्दांत सांगितलेलं नाही? असेल तर घ्या. शब्दात ‘लाल चेंडू’ आणि चित्रात नुसता एक लाल चेंडू, असं पुस्तक दोन दिवसांत संपतं. आजकाल अजून एक बघावं लागते, कॉम्प्युटरने काढलेली चित्रं. बोटं मोजा, खरंच मोजा, सहा निघतात. मुलीचा फ्रॉक एका पानावर पिवळा, पुढच्यावर केशरी, वेण्या कधी एक कधी दोन. आपल्याला चालून जाते पण चार वर्षांचं पोरगं ते पकडते आणि गोंधळते, त्याला वाटते ही दुसरीच मुलगी आली.

आणि एकच पुस्तक ती चाळीस वेळा वाचायला लावेल, वैतागू नका. तिला पुढचं वाक्य माहीत असतं आणि ते माहीत असण्यातच तिला मजा येते. तुम्ही एक शब्द बदलून बघा, लगेच पकडेल. म्हणून ज्यात एखादं वाक्य परत परत येतं अशी पुस्तकं या वयाला चांगली चालतात, तिसऱ्या पानापासून पोरं आपल्याबरोबर ओरडायला लागतात.

मराठीत या वयासाठी माधुरी पुरंदरे यांची पुस्तकं मी डोळे मिटून देते. गोष्टही त्यांची आणि चित्रंही त्यांचीच, त्यामुळे दोन्ही एकमेकांना धरून असतात, आणि घर खरं दिसते, चपला दारात, ओट्यावर पातेलं, आई कधी दमलेली कधी चिडलेली. साहित्य अकादमीचा बालसाहित्य पुरस्कार त्यांना २०१४ मध्ये मिळाला. बाकी नॅशनल बुक ट्रस्टची नेहरू बाल पुस्तकालय मालिका आहे, ती स्वस्त पडते, मराठीतही बरीच आहेत, सगळी सारखी चांगली नाहीत पण त्या किमतीत निवडून घेतली तर लई चांगली मिळतात. आणि प्रथम बुक्स, ही संस्था २००४ पासून मुलांची पुस्तकं काढते आणि २०१५ पासून त्यांचं स्टोरीवीव्हर नावाचं मोफत संकेतस्थळ आहे, त्यावर मराठी गोष्टी आहेत, डाऊनलोड करता येतात, प्रिंट मारून पिन करून घरी पुस्तक बनवता येते, त्यांनी स्वतःच तशी परवानगी दिलेली आहे. दीड हजाराच्या बजेटमध्ये ही गोष्ट लक्षात ठेवा.

आता पाच ते सात. हे वय अवघड कारण इथे पोरगं अक्षरं जुळवायला लागते आणि आपण सगळे त्याच्यामागे लागतो. यांच्या पुस्तकात मी काय बघते तर, अक्षर मोठं पाहिजे, दोन ओळींत मोकळी जागा पाहिजे, वाक्य एका ओळीत संपलं तर उत्तम, शब्द ओळीच्या शेवटी तुटून खाली गेलेला नको. जोडाक्षरं नकोतच असं नाही, पण एका पानावर दोन-तीनच्या वर नको. ‘आई’, ‘घर’, ‘पाऊस’ वाचणारं पोरगं ‘उत्सुकतेने’ला अडतं. प्रथम बुक्सच्या पुस्तकांवर १ ते ४ अशा पातळ्या दिलेल्या असतात, पहिली नुकतं वाचायला लागलेल्यांची आणि चौथी सराईत वाचणाऱ्यांची, तुमच्या मुलाच्या दुसऱ्या गठ्ठ्यासाठी दुसरी-तिसरी पातळी बघा. घरी तपासायला पाच बोटांची युक्ती आहे, पोराला एक पान वाचायला सांगायचं आणि अडला की एक बोट दुमडायचं. एक-दोन बोटं दुमडली तर पुस्तक त्याचं. पाचही दुमडली तर ते पुस्तक आत्ता तुमच्या गठ्ठ्यात, वाचून दाखवायच्या. हे त्याच्यासमोर परीक्षेसारखं करू नका, तुमची बोटं तुम्ही पदराआड दुमडा.

इथे नागपूरकरांची म्हणून एक अडचण आहे ती बोलते. पुस्तकातली मराठी बहुतेक करून पुण्याकडची असते. आपलं पोरगं घरी ‘काहून’ म्हणते, ‘मले दे’ म्हणते, ‘तो झोपून राहिला’ म्हणते, आणि पुस्तकात ‘का बरं’, ‘मला दे’, ‘तो झोपला आहे’. दुसरीतल्या एका मुलाने मला विचारलं होतं की मॅडम, पुस्तकातले लोक आपल्यासारखे काहून नाही बोलत? मी त्याला खरं ते सांगितलं, की महाराष्ट्रात मराठी खूप तऱ्हेने बोलतात, पुस्तक लिहिणारा त्याच्या गावची लिहितो, तू मोठा होऊन आपल्या गावची लिही. वाचून दाखवताना चार-पाच वर्षांच्या पोराला मी बिनधास्त आपल्या बोलीत सांगते, गोष्ट पोचणं महत्त्वाचं. पण पोरगं ओळीवर बोट ठेवायला लागलं की मग जे छापलंय तेच वाचायचं, नाहीतर अक्षराचा आणि आवाजाचा मेळ बसत नाही त्याच्या डोक्यात. आणि घरच्या बोलीला ‘चूक’ म्हणायचं नाही, एकदाही नाही. ज्या पोराला वाटलं की आपली आजी चुकीचं बोलते, ते पोरगं मराठीपासूनच दूर जाते, हे मी पाहिलंय आणि त्याचं मला फार वाईट वाटते.

तुमच्या मुलाकडे परत येते, आठ ते दहा. माझ्या अनुभवात या दोन-तीन वर्षांत वाचन एकतर धरते नाहीतर सुटते. यांना एकच नायक असलेली मालिका द्यावी, कारण पहिल्या पुस्तकात माणसं ओळखीची झाली की दुसऱ्याला मेहनत कमी लागते. भा. रा. भागवतांचा फास्टर फेणे अजून चालतो, तो फुरसुंगीचा बनेश फेणे पुण्याच्या विद्याभवनात शिकायला येतो आणि सायकल दामटत उचापती करतो. भाषा थोडी जुनी आहे, म्हणून पुस्तक हातात देऊन मोकळं होऊ नका. पहिलं प्रकरण तुम्ही वाचा, मोठ्याने, आवाज बदलून, आणि पकडापकडीच्या ऐन ठिकाणी थांबा. मला भात लावायचाय म्हणा आणि पुस्तक उघडं पालथं ठेवून उठा. माझ्याकडे दहातली सहा पोरं तरी आपणहून ते उचलतात. ना. धों. ताम्हनकरांचा गोट्या त्याहून जुन्या भाषेतला, तो मात्र कानासाठीच ठेवा.

साने गुरुजींची श्यामची आई कधी द्यावी हे तर दर आठवड्याला कोणी ना कोणी विचारते. आठ-नऊच्या पोराच्या हातात एकट्याला देऊ नका. ते पुस्तक मुळात ऐकण्यासाठीच बांधलेलं आहे, श्याम आश्रमातल्या मित्रांना रोज रात्री आईची एक आठवण सांगतो, अशा ४२ रात्री. गुरुजींनी ते १९३३ मध्ये नाशिकच्या तुरुंगात लिहिलं. तेव्हा तसंच वाचा, रोज रात्री झोपताना एक रात्र, दीड महिन्यात होते. मधे रडायला येईल, तुम्हालाही येईल, येऊ द्या. काही गोष्टी आज पटणार नाहीत, तिथे थांबून बोला. मी माझ्या दोन्ही मुलांना असं वाचून दाखवलं, धाकटा अकराव्या की बाराव्या रात्री म्हणाला की आता आजच्या दिवस पुढचं नको. आम्ही चार दिवस थांबलो आणि मग त्यानेच काढून आणलं.

वाचायला हळू असणाऱ्या पोरासाठी अजून दोन गोष्टी. कविता, विंदा करंदीकरांच्या बालकविता तर हसत हसत वाचल्या जातात, ओळ छोटी, पान पटकन संपते, आणि यमकामुळे पुढचा शब्द अंदाजाने येतो त्यामुळे पोराला वाटते मी भराभर वाचून राहिलो. दुसरं म्हणजे मासिक. बालभारतीचं किशोर १९७१ पासून निघते, वर्गणी अगदी परवडणारी आहे आणि जुने अंक त्यांनी इंटरनेटवर मोफत ठेवलेत. मासिकात पोरगं हवं ते वाचते, कोडं सोडवते, बाकी सोडून देते, त्याला कोणी विचारत नाही की पूर्ण वाचलं का.

माहितीच्या पुस्तकांना पालक गोष्टीच्या पुस्तकापेक्षा कमी समजतात, विशेषतः मुलग्यांच्या आया माझ्याकडे तक्रार करतात की हा फक्त वाघाचीच पुस्तकं नेतो. नेऊ द्या ना. आपण ताडोबा-पेंचच्या मधे राहतो, पोरगं वाघाचं वाचणार नाही तर काय वाचणार. माहितीचं पुस्तक निवडताना छापल्याचं साल बघा, चित्राखाली नाव बरोबर आहे का बघा, आपल्याकडचे पक्षी आहेत की सगळे परदेशी ते बघा. रविवारी अजब बंगल्यात नेलं, आपलं मध्यवर्ती संग्रहालय हो, १८६३ पासूनचं, किंवा रमण विज्ञान केंद्रात नेलं, तर त्याच संध्याकाळी त्या विषयाचं पुस्तक हातात पडलं पाहिजे, आठ दिवसांनी दिलं तर गरमी उतरलेली असते. विज्ञानाचं करून बघायचं काही पाहिजे असेल तर अरविंद गुप्तांच्या संकेतस्थळावर मराठी पुस्तकं मोफत आहेत, काडीपेटी आणि सायकलच्या व्हॉल्व्ह ट्यूबपासून खेळणी करायची, त्या एका पुस्तकाने उन्हाळ्याच्या दुपारी निघून जातात.

काय घेऊ नये ते पण सांगते. ‘दहा पुस्तकांचा सेट’ घेऊ नका, तेवढ्या पैशात तीन चांगली येतात. ज्या गोष्टीच्या शेवटी चौकटीत ‘तात्पर्य’ छापलेलं असते ती मी सहसा घेत नाही, आणि घरी असलीच तर वाचून दाखवताना ती चौकट सोडून द्या. पोराने गोष्टीतून काय घ्यायचं ते त्याचं त्याला घेऊ द्या. ससा-कासवाच्या गोष्टीनंतर एका मुलीने मला विचारलं होतं की सशाला कोणी उठवलं काहून नाही, तो हरला तेव्हा त्याला किती वाईट वाटलं असेल. चौकट वाचली असती तर हा प्रश्न आलाच नसता.

भाषांतरांना माझा विरोध अजिबात नाही, पण एक पान दुकानातच उभ्या उभ्या मोठ्याने वाचा, लाजू नका. जिथे आई चार वर्षांच्या पोरीला ‘मी दिलगीर आहे, प्रिये’ म्हणते ते पुस्तक परत रॅकवर. जीभ अडली म्हणजे घरी रोज रात्री अडणार. आणि शुद्धलेखन बघा, ‘पाणि’ आणि ‘आणी’ छापलेलं पुस्तक पहिली-दुसरीच्या पोराला देऊ नका, ते डोळ्यात बसते आणि निघत नाही.

भाचीसाठी, अकरा ते चौदा. या वयात पोरगी काय वाचते त्यापेक्षा तिला काय विचारायचंय पण विचारता येत नाही ते महत्त्वाचं असते. शरीर बदलते, मैत्रिणी तुटतात, घरातलं भांडण समजायला लागते, कोणाच्या जातीवरून कोण काय बोलले ते कळते. यांच्या पुस्तकात मृत्यू असेल, गरिबी असेल, पाळीचा उल्लेख असेल तर पालक घाबरून परत आणतात. मी एवढंच म्हणते की आधी तुम्ही वाचा, पूर्ण वाचा, आणि मग द्या, म्हणजे ती विचारायला आली तर तुम्हाला बोलता येईल.

चरित्रं या वयाला चांगली लागतात पण निवडून घ्या. मी बघते की या माणसाची कधी चूक झाली का, तो कधी घाबरला का, कोणाशी वाईट वागला का. पहिल्या पानापासून शेवटपर्यंत सगळं थोरच थोर असेल तर तेराच्या पोरीला त्यात शिरायला जागाच नसते. वीणा गवाणकरांचं एक होता कार्व्हर १९८१ पासून पोरं वाचत आहेत आणि माझ्याकडची प्रत तीन वेळा बाइंडिंगला जाऊन आली. तोत्तोचानचं मराठी भाषांतर नॅशनल बुक ट्रस्टने काढलेलं आहे, रेल्वेच्या डब्यांत भरणाऱ्या जपानमधल्या शाळेची खरी आठवण, ती शाळा १९४५ च्या बॉम्बहल्ल्यात जळाली. हे तुमच्या मुलालाही आत्ता वाचून दाखवता येईल, प्रकरणं दोन-तीन पानांची आहेत. जंगलाची आवड असेल तर मारुती चितमपल्ली, वनखात्यात असताना नवेगाव, नागझिरा, मेळघाट त्यांनी जगलं आणि मग लिहिलं, आपल्या विदर्भाचं रान आहे ते, सलग वाचायला जड वाटलं तर एकेक लेख. आणि ज्योत्स्ना प्रकाशनाचं वाचू आनंदे, माधुरी पुरंदऱ्यांनीच संपादित केलेलं, बालगट आणि कुमारगट असे वेगळे भाग आहेत, मराठीतल्या चांगल्या लेखकांचे वेचे आणि सोबत भारतीय कलेची चित्रं. ज्या पोरीला कुठला लेखक आवडतो हेच अजून माहीत नाही तिला कुमारगट द्यावा, त्यातून ती स्वतःच पुढचा रस्ता काढते.

पुस्तकं मिळतील कुठे, तर बर्डीवर, म्हणजे सीताबर्डीच्या बाजारात, नव्या पुस्तकांची दुकानं आहेतच, आणि जुन्या पुस्तकांसाठी फुटपाथवर बसून चाळावं लागते, एखाद्या दिवशी काहीच नाही, एखाद्या दिवशी तीस रुपयांत सोनं. दसऱ्याला दीक्षाभूमीवर धम्मचक्र प्रवर्तन दिनाला जे पुस्तकांचे स्टॉल लागतात तिथे पोरांना नक्की न्या. मी दरवर्षी जाते. एका वर्षी माझ्या शेजारी एक म्हातारी बाई उभी होती, गावाकडून आलेली, पायात स्लीपर, पिशवीत भाकरी. तिने बाबासाहेबांचं लहान मुलांसाठीचं चित्रमय चरित्र हातात घेतलं, उलटं धरलं होतं, स्टॉलवाल्या पोराने हळूच सरळ करून दिलं. ती म्हणाली, मले वाचता येत नाही बाबू, नातीले येते, ते मले वाचून दाखवन. रुमालाची गाठ सोडून पैसे दिले आणि पुस्तक पिशवीत टाकलं नाही, पदरात गुंडाळून छातीशी धरलं. वाचून दाखवणारा दर वेळेस मोठाच असतो असं नाही, हे मला तिथे कळलं. तुमच्या मुलालाही सांगा की बहिणीला रोज एक चित्रांचं पुस्तक तू वाचून दाखव. सहा वर्षांच्या पातळीचं पुस्तक वाचायची मग त्याला लाज वाटत नाही कारण तो तिच्यासाठी वाचून राहिलाय, आणि तेवढ्यात त्याचा जोडाक्षरांचा सराव होऊन जातो. माझ्या लायब्ररीत सहावीतल्या त्या मुलाला मी हेच काम दिलं होतं, शनिवारी लहान पोरांना वाचून दाखवायचं. दोन महिन्यांत बोट ठेवणं सुटलं.

आता तुमचे दीड हजार. मुलीसाठी तीन चित्रपुस्तकं घ्या, निवडून, तीच मुलगाही तिला वाचून दाखवेल म्हणजे ती दोघांत धरा. मुलासाठी फास्टर फेणेचं एकच पुस्तक, सगळी मालिका आत्ताच नको, आणि किशोरची वर्गणी. तोत्तोचान तुमच्या वाचून दाखवायच्या गठ्ठ्यात. स्टोरीवीव्हरवरून दहा गोष्टींच्या प्रिंट, त्या जवळच्या झेरॉक्सवाल्याकडे होतील, चिकटपट्टी लावून कडा पक्क्या करा नाहीतर आठवड्यात कान उलटतात. उरलेले चारशे-पाचशे भाचीचे.

आणि तिच्यासाठी पुस्तक विकत आणून पॅक करून देऊ नका. बड्डेच्या आधीच्या शनिवारी तिला बर्डीवर न्या, दुकानात शिरल्यावर पैसे तिच्या हातात द्या आणि तुम्ही दुसऱ्या रॅककडे जा. एक तास लागेल. ती तीन पुस्तकं काढेल, दोन परत ठेवेल, मागचं कव्हर वाचेल, मधलंच पान उघडून उभ्यानेच वाचत राहील. तिने उचललेलं तुम्हाला हलकं वाटलं तरी काही बोलू नका, बिल करा. फक्त दुकानदाराला आधीच विचारून ठेवा की आठ दिवसांत बदलून देतील का, बरेच जण ओळखीवर देतात, आणि बिल जपून ठेवा.